वसुबारसेला काढलेलं दूध

त्या वर्षी वाडीत ऊन एवढं होतं की कुत्र्यांनी दुपारचं भुंकायचं सोडून दिलं होतं. दिवसभराचं भुंकणं साठवून ठेवायची आणि दिवेलागणीला जरा गार झालं की सगळं एकदम भुंकून टाकायची. पावसाळा आला तरी एका म्हाताऱ्या कुत्र्याचं चैत्रातलं भुंकणं शिल्लक होतं.

ही गोष्ट मी माझ्या नातीला, अन्विताला, ती पहिलीत असताना सांगितली होती. बाकीची पोरं हसली. ही म्हणाली, "आजी, पण मोजत कोण होतं?"

तेव्हाच मी ओळखलं, ही पोरगी पुढं नोंदी ठेवणार. आणि तेच झालं. मोठी होऊन ती आमच्या येरळाकाठ दूध संघात लागली, नोंदींवर. आईबाप पुण्याला, ही विट्याला माझ्यापाशी. दिवसभर मशीनची नोंद तपासायची, संध्याकाळी माझी.

संघाचा सगळा कारभार कपिला बघायची. कपिला म्हणजे गाय नाही, सॉफ्टवेअर. कुठल्या गावात कुणी किती दूध घातलं, फॅट किती लागली, दुधाचा कुठला कूलर गार आहे, टँकर कुठल्या वाटेनं धाडायचा, सगळं तीच ठरवायची. बोलायचीही. चेअरमन सुकुमार अण्णांना 'नमस्कार अण्णा, जेवण झालं का' असं विचारायची, आणि अण्णा तिला खरंच सांगायचे काय काय जेवले ते.

तर कपिला आली तेव्हा एक प्रश्न निघाला. कपिला दिवसभर जे करते त्याची नोंद कुणी ठेवायची? या नोंदीला ती लोकं लॉग म्हणतात. एक वाट अशी की कपिलेच्या पोटातच नोंदीची सोय आहे, तीच वापरायची. दुसरी वाट, एखाद्या तिऱ्हाईत कंपनीचं नोंदयंत्र आणून शेजारी बसवायचं. कपिला काम करणार, ते यंत्र नुसतं बघून लिहिणार.

निवड अन्वितावर सोपवली होती. एका रविवारी आम्ही वालाच्या शेंगा सोलत बसलो होतो तेव्हा तिनं मला सगळं समजावलं.

"तिऱ्हाईत आणला की दोन कंपन्या सांभाळा," ती म्हणाली. "काही बिघडलं की हा म्हणणार त्याचं चुकलं, तो म्हणणार याचं. शिवाय आपल्या गावागावाची माहिती परक्याच्या हातात. आणि त्याला कपिलेची भाषा कळत नाही. तो नुसते आकडे लिहितो. कपिला स्वतः लिहिते तेव्हा कारणासकट लिहिते, माणसाला वाचता येईल असं."

"अगं पण आपल्याच वागण्याची हकीकत आपणच लिहायची?" मी म्हटलं. "सुनेनं सांगितली तर सासू वाईट, सासूनं सांगितली तर सून वाईट."

"कपिला कुणाची सून नाही, आजी. तिला खोटं बोलून काय मिळायचंय?"

"मला काय मिळतं?"

ती हसली. शेंगांतली एक अळी तिनं माझ्या ताटात ठेवली आणि म्हणाली, "तुझं वेगळं."

पण पुढं तिनं जे सांगितलं ते ऐकून मला कपिला फार जवळची वाटायला लागली. एवढ्या गावांच्या, एवढ्या कूलरच्या नोंदी क्षणाक्षणाला लिहायच्या म्हटलं तर ठेवायच्या कुठं? म्हणून कपिलेच्या कंपनीनं एक युक्ती काढली होती. नेहमीसारखं जे घडतं ते लिहायचंच नाही. वेगळं घडलं तेवढंच लिहायचं. म्हणजे मी रोज उठून चहा घेते. 'आजीनं चहा घेतला' हे रोज कशाला लिहा? ज्या दिवशी घेतला नाही तेवढा दिवस लिहायचा. मग चार महिन्यांनी कुणी विचारलं, त्या मंगळवारी आजीनं काय केलं, तर कपिला माझी सवय बघते आणि तो मंगळवार पुन्हा रचून दाखवते. अगदी कपबशीच्या आवाजासकट.

"आणि बरोबर निघतो?"

"जवळजवळ नेहमीच. आम्ही तपासून बघितलंय."

"मग ही तर मीच झाले की," मी म्हटलं. "मलापण चार गोष्टी आठवतात आणि मधलं मी भरते."

अन्विता या बोलण्यावर हसली नाही. पण शेंगा संपल्या, आणि विषयही संपला. संघानं तिच्या शिफारशीवरून कपिलेच्या पोटातलीच सोय घेतली. अण्णांनी भर सभेत तिचं कौतुक केलं. दिवाळीनंतर तिला नोंदींच्या खात्याची मुख्य करायची असंही ठरत आलं.

आता वाडीचं सांगते. माझं माहेर कवठ्याची वाडी. तिथं माझा धाकटा भाऊ विलास दूध केंद्र चालवतो. गावचं दूध घ्यायचं, फॅट लावायची, कूलरमध्ये ओतायचं, पहाटे टँकरमध्ये द्यायचं. लहान वाडी, एकच कूलर, गाईचं आणि म्हशीचं दूध त्यातच. विलासचा स्वभाव असा की दुधात माशी पडली तर ती कुणाच्या घरची हेसुद्धा तो विचारेल. वाडीतल्या बायका त्याला कावतात, पण दूध त्याच्याकडेच घालतात.

त्या दिवाळीत वसुबारसेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी संघात टँकर उघडला तर आंबट वास. सगळा टँकर नासलेला. तपासलं, तर नासकं दूध वाडीच्या कूलरमधून चढलेलं. कपिलेला विचारलं. तिनं नोंद काढून दिली: संध्याकाळचं दूध संपल्यावर केंद्रचालकानं कूलर हातानं बंद केला आणि पहाटे टँकर यायच्या आधी पुन्हा चालू करायचा प्रयत्न केला.

दुपारपर्यंत संघाची माणसं येऊन केंद्राला कुलूप लावून गेली. विलासला आत पाऊलसुद्धा टाकू दिलं नाही.

संध्याकाळी तो आमच्या दारात उभा राहिला. टोपी हातात.

"आक्का, अनू हाय का घरात?"

"आधी आत ये. चहा टाकते."

"चहा नगं." तो उंबऱ्याच्या बाहेरच. अन्विता आली तसं म्हणाला, "पोरी, नोंदी तूच बघतीस न्हवं? मी कूलरला हात लावला न्हाई. कशाला बंद करीन? लाईटबिल काय माझं हाय?"

मला अन्विताचा चेहरा दिसत होता. ती खोटं बोलू शकत नाही, लहानपणापासूनची खोड आहे.

"मामाआजोबा, नोंदीत तसं आहे," ती म्हणाली. "मी दोनदा वाचलं."

"म्हंजी मी खोटा."

"मी तसं म्हटलं नाही."

"मशिनीनं म्हटलं. तू वाचलंस." त्यानं टोपी घातली. "पाडव्याला बैठक हाय. केंद्र रद्द करनार म्हनं. कर्जबाजारी झालो असतो तरी चाललं असतं, पर वाडीतल्या बायकांना काय तोंड दावू? आक्का, भाऊबीजेला वाट बघू नगंस. चोर म्हनून ओवाळून घ्यायला मी येनार न्हाई."

आणि गेला. माझं लग्न झाल्यापासून विलास एकाही भाऊबीजेला चुकला नव्हता. एका वर्षी नदीला पूर होता तर म्हशीच्या पाठीवर बसून आला होता. म्हैस पूर ओसरेपर्यंत आमच्याकडंच राहिली आणि पुरणपोळीला सोकावली. हे मात्र खरं आहे, शेजारी साक्षीला होते.

अन्विता दारातच बसून राहिली. तिला काय बोचत होतं ते मला कळत होतं. विलासची बाजू घेतली तर लोक म्हणणार, नात्यातला म्हणून घेतली. नाही घेतली तर घरातला माणूस तुटला. आणि मशीन चुकलं म्हणावं तर त्या मशीनवर विश्वास टाका असं सांगणारी तीच.

दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी. आमचा फराळ उशिराच चालला होता, हिला सुट्टी कुठं असते. मी करंज्या भरत होते. तिला म्हटलं, "ती नोंद मला वाचून दाखव. माझ्या भावाला चोर ठरवलंय, निदान कसं ठरवलंय ते तरी ऐकू दे."

तिनं फोन उघडला आणि वाचलं. विलासनं दार ओढून घेतलं. पॅनेल उघडलं. डाव्या बाजूचं बटण दाबलं. कॉम्प्रेसर थांबला. मग दिवा मालवला आणि घरी गेला.

मी करंजीची कड दाबता दाबता थांबले. "फार छान सांगितलंय गं."

"म्हणजे?"

"म्हणजे मी सांगते तसं. डाव्या बाजूचं बटण. मी पण असंच घालते बारीकसारीक, लोकांचा विश्वास बसावा म्हणून. ज्यानं खरंच बघितलेलं असतं तो असं सांगत नाही. तो म्हणतो, बटण दाबलं असेल बुवा, माझं लक्ष नव्हतं. याच्या आधीचं वाच. संध्याकाळचं."

"आधी काय, नुसतं दूध घेतल्याची यादी आहे."

"तीच वाच. माहेरच्या माणसांची नावं तरी कानावर पडतील."

ती वाचायला लागली. घोरपड्यांची शालन, म्हैस, एवढं दूध, एवढी फॅट. गुरवांची सुमन, गाय, एवढं दूध, एवढी फॅट. मानेंचा धनाजी, गाय...

आणि ती थांबली. मी वर बघितलं. तिच्या हातातला फोन तसाच होता, पण ती त्याच्याकडं बघत नव्हती.

"आजी, परवा वसुबारस होती."

"मग?"

"वाडीत वसुबारसेच्या संध्याकाळी गाय कुणी पिळत नाही."

माझ्या हातातली करंजी तेलात पडायच्या ऐवजी कढईच्या बाहेर पडली.

दुसरीकडं वसुबारसेला सवत्स गाईची पूजा होते आणि पूजा झाली की गाय पिळून दूध डेअरीला जातं. धंदा तो धंदा. पण आमच्या वाडीचा नेम वेगळा. त्या संध्याकाळी वासरांची दावी सोडायची आणि सगळं दूध त्यांचं. डेअरीला फक्त म्हशीचं जातं. अन्विता लहानपणी दिवाळीला वाडीला जायची तेव्हा दावी सोडायचा मान तिचाच असायचा. एका वासरानं तिचा नवा फ्रॉक चघळून टाकला होता. ते ती विसरणार नव्हती.

"सुमननं गाईचं दूध घातलंच नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "कुणीच घातलं नाही. मग हे आलं कुठून?"

"आणि कुणाला पत्ता कसा नाही लागला?"

"दुधाचं बिल दहा दिवसांनी जातं. अजून कुणी बघितलंच नाही." ती उठलीच. आंघोळीचं उटणं अजून कानामागं होतं, तशीच संघात गेली.

तिथं तिनं कपिलेशी काय बोलणं केलं ते तिनं मला शब्द न् शब्द सांगितलं, आणि तिचं सांगणं माझ्यासारखं नसतं, म्हणून तेच देते.

"कपिला, वसुबारसेच्या संध्याकाळी वाडीच्या केंद्रावरून तुला काय काय निरोप आले?"

"काही नाही. संध्याकाळपासून सकाळपर्यंत रेंज नव्हती."

"मग ही यादी?"

"वेगळं काही कळलं नाही, म्हणून नेहमीसारखं धरलं. सकाळी टँकरमध्ये जेवढं दूध आलं ते नेहमीच्या प्रमाणात घराघरांत वाटलं."

"आणि मामाआजोबांनी... केंद्रचालकानं कूलर बंद केला, हे?"

"दूध नासलेलं आलं. त्याला कारण हवं होतं. याआधी दूध नासलं तेव्हा बहुतेक वेळा कुणीतरी कूलर हातानं बंद केलेला होता."

"म्हणजे तुला माहीत नव्हतं."

"नाही. बहुधा तसं झालं असावं."

"मग बहुधा असं का नाही लिहिलंस?"

"नोंदीत तशी जागा नाही," कपिला म्हणाली. "आणि तसं कुणी विचारलंही नाही."

अन्विता म्हणाली, मला तिचा राग आला नाही, आजी, माझाच आला. कपिला खोटं बोलली नव्हती. गप्प बसण्याचा अर्थ 'सगळं नेहमीसारखं' असा घे, हे तिला शिकवलेलं होतं. रेंज गेली काय आणि सगळं ठीक असलं काय, तिच्या लेखी दोन्ही सारखंच. आणि तिच्यावर नजर ठेवणारी तीच.

लक्ष्मीपूजनाला संघात चोपड्यांच्या जागी सर्व्हरची पूजा करतात. अण्णांनी कपिलेच्या पेटीला हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला, आणि कपिलेनं 'आपल्यालाही शुभेच्छा' म्हटलं. अन्विता मागं हात जोडून उभी होती. मनात काय मागत होती देव जाणे.

पाडव्याला बैठक भरली. मी बाहेरच्या बाकावर बसले होते, दाराला कान लावून. लावून म्हणजे दार उघडंच होतं.

अन्वितानं सगळं सांगितलं. वसुबारस, रेंज, यादी. शेवटी म्हणाली, "पोटातली सोय पुरे, अशी शिफारस माझी होती. तेव्हा माझी एक गोष्ट तपासायची राहिली. काही कळलं नाही तर ही काय लिहिते, ते मी विचारलंच नाही. चूक माझी आहे."

सुकुमार अण्णा म्हणाले, "पोरी, तू शहाणी हायस. पर विलास तुझा मामाआजोबा. लोक म्हंतील, घरचं मानूस वाचवाया मशिनीवर ढकललं."

"म्हणूनच मी काही उघडलं नाही, अण्णा," ती म्हणाली. "टँकरवाला प्रत्येक गावच्या दुधाची छोटी बाटली भरून आणतो. वाडीची बाटली प्रयोगशाळेत फ्रिजमध्ये आहे, सील तसंच आहे. नासलं तरी गाईचं का म्हशीचं ते कळतं. तुम्ही तपासा. केंद्राला कुलूपही तुमचंच आहे. ते तुम्हीच काढा, आणि पॅनेलही तुम्हीच उघडा."

बाटलीत एक थेंब गाईचं दूध निघालं नाही. मग सगळे गाड्या काढून वाडीला. मीही बसले एका गाडीत, मला कोण उतरवणार.

वाडीत केंद्र बंद, दूध घालायला जागा नाही, म्हणून घरोघरी खवा आटवणं चाललं होतं. वास तर विट्यापर्यंत येत होता. त्या दिवाळीत वाडीतल्या मुंग्यांना डायबेटिस झाला असं म्हणतात. विलास केंद्रासमोरच्या पारावर बसला होता. आम्हाला बघून उठला नाही.

अण्णांनी कुलूप काढलं. विजेचा माणूस बरोबर होता, त्यानं मेन स्विच पाडला. मग अण्णांनी स्वतः कूलरच्या पॅनेलचं झाकण उघडलं आणि एवढे मागं सरकले की त्यांचा पाय मागच्या डायरेक्टरच्या पायावर पडला.

"पाल," ते म्हणाले.

कॉम्प्रेसरला वीज जोडणारा जाड खटका असतो. त्याच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध एक पाल चिकटून, भाजून, कोळसा होऊन बसली होती. उबेला गेली असणार बिचारी. ती मध्ये आली, खटका लागेना, कॉम्प्रेसर थांबला. पहाटे कूलर गप्प होता तेव्हा विलासला वाटलं, दूध गार झालं म्हणून आपोआप थांबलाय. एरवीही तो तसाच थांबतो.

इतके दिवस ती तिथंच होती. पॅनेल कुणी उघडलंच नव्हतं. कशाला उघडतील? कपिलेनं इतकी नेटकी गोष्ट सांगितली होती.

अण्णा पारापाशी गेले. मोठा माणूस, पण विलासच्या शेजारी जाऊन बसले. "विलासराव," म्हणाले, "केंद्र उद्यापास्नं चालू. आन् चुकलं आमचं."

विलास उठून आत गेला आणि पहिलं काय केलं तर पॅनेलचं झाकण पुसलं.

त्यानंतर काय झालं ते थोडक्यात सांगते. अन्वितानं नवी शिफारस केली. कपिलेच्या नोंदी कपिलाच लिहील, कारणासकट, वाचायला त्या बऱ्या. पण प्रत्येक केंद्रावर दुसऱ्या कंपनीची एक ठोंबी पेटी बसवायची. तिला विचार करता येत नाही, अंदाज करता येत नाही. कूलर किती गार, कॉम्प्रेसर चालू का बंद, दार उघडलं का, एवढं ती लिहिते, रेंज असो नसो, आणि जिथं कळलं नाही तिथं कोरं सोडते. माणसांची नावं तिच्यात जात नाहीत, म्हणून परक्याच्या हातात जायची भीती नाही. तिची किल्ली त्या त्या गावातल्या बायकांकडं. दोन कंपन्या सांभाळताना अन्विताला डोकेदुखी होते, खोटं कशाला बोला. पण ती सांभाळते.

त्या पेटीला खुंटा हे नाव मी दिलं. गाय कितीही गुणी असली तरी खुंटा लागतोच.

आणि कपिलेच्या नोंदीत पाडव्याच्या रात्रीच एक नवीन जागा आली: माहीत नाही. सुरुवातीला ती ते फार म्हणायची. अण्णा कंटाळले. मग खुंट्याशी स्वतःचं पडताळून बघत बघत तिचं कमी झालं. आता ती 'माहीत नाही' म्हणाली की माणसं उठतात आणि जाऊन बघतात. त्या हिवाळ्यात दोन कूलर बिघडायच्या आधीच दुरुस्त झाले. अन्विता खात्याची मुख्य झालीच. चूक कबूल करणाराच तिथं हवा, असं अण्णा म्हणाले.

पण मला सांगायचं ते त्याच दिवाळीतल्या भाऊबीजेचं.

मी पाट मांडला होता. मांडावा की नाही, अशा विचारात मांडला होता. दुपार कलली तरी दार वाजेना. अन्विता सारखी खिडकीशी. शेवटी अंगणात दुधाच्या कॅनचा खणखणाट झाला.

"आक्का, चहा टाक," विलास दारातनं ओरडला. "त्या दिशीचा ऱ्हायलाय."

अन्विता पुढं होऊन त्याच्या पाया पडली. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "वासरानं फ्राक खाल्ला त्यो वाया न्हाई गेला म्हनायचा."

ओवाळून झालं. करंज्या झाल्या. मग विलासनं पालीची गोष्ट काढली. त्याच्या गोष्टीत पाल हातभर होती आणि अण्णा पारापर्यंत उडाले होते.

"हातभर?" मी म्हटलं. "अरे, घोरपड होती ती. शेपूट झाकणाच्या बाहेर आली होती. मी बघितली ना."

"तुम्ही दोघं," अन्विता म्हणाली. तिनं फोन पुढं ठेवला. "थांबा, विचारूया. कपिला, वाडीच्या पॅनेलमधली पाल केवढी होती?"



"माहीत नाही," कपिला म्हणाली.

विलासनं माझ्याकडं बघितलं, मी विलासकडं. जागा अशी कोरी, सारवलेल्या अंगणासारखी समोर आलेली.

"तर शेपूट," मी पाट पुढं ओढला, "दारापर्यंत."